डाव्या हाताचा अंगठा

लेबल वाचून संपलं तेव्हा भुकटीकाकांच्या उजव्या हाताची मूठ पुरती मिटली होती. पाच नावं, पाच बोटं, हिशेब चुकता. आता मशीन पुन्हा सुरू होणार, सगळे आपापल्या कामाला लागणार, एवढ्यात त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा हळूच आत वळला आणि तळव्यावर टेकला. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मालक घड्याळाकडे बघत होते, चित्रकार आपल्या चित्राकडे. पाहिलं ते फक्त तिनं, कारण वाचताना कागदाकडे न बघता समोरच्याच्या हातांकडे बघायची तिला सवय होती. लेबल तर तिनंच लिहिलेलं, ते पाठच होतं. पण हात पाठ नसतात. हात दर खेपेला नव्यानं वाचावे लागतात.

ही वाचनाची पद्धत मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली. जे आपण लोकांच्या पोटात घालतो ते मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे, असं ते म्हणायचे, आणि म्हणून कुठलंही नवं लेबल छापायला जाण्याआधी मिश्रणाच्या खोलीत, मशीन बंद करून, लिहिणाऱ्यानं उभं राहून वाचायचं आणि मिसळणाऱ्यानं समोर बसून एकेका नावाला एकेक बोट मिटायचं. वडील गेले, खोलीला नवा रंग लागला, जुन्या लाकडी पिंपांच्या जागी चकचकीत पत्र्याची पिंपं आली, पण वाचन राहिलं. यंदा तर मालकांनी त्याचीच जाहिरात करायची ठरवली होती. म्हाताऱ्या माणसांनी सकाळी दुधात ढवळून घ्यायची ताकदीची भुकटी. आणि पुडक्यावर नुसता एक उघडा पंजा. प्रत्येक बोटावर एक नाव. अंगठ्यावर जव, मग बदाम, तीळ, खजूर, आणि करंगळीवर लोह. खाली एकच ओळ, ‘एका हाताच्या बोटांवर मावेल एवढंच.’ ती ओळ तिचीच. तिला ती मनापासून आवडली होती. सोपं आणि खरं एकाच वाक्यात क्वचित नांदतात, आणि इथे दोघं एका हाताला धरून उभे होते.

"काका," ती म्हणाली, "तो अंगठा कशाचा?"

भुकटीकाकांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा होता. गेली कित्येक वर्षं ते या खोलीत पिठं मिसळत आले होते. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम एक पांढुरका थर. त्यांना घरी नातवंडंही भुकटीआजोबा म्हणत, असं ते स्वतःच कौतुकानं सांगायचे.

"कशाचा म्हणजे? सवयीचा," ते म्हणाले. "हात आपला चालतो बाई. तुम्ही पुढे व्हा."

"सवय कसली?"

"अहो, शेवटी ती मोकळी करणारी भुकटी जाते ना. मूठभर. पीठ गोळा होऊ नये म्हणून. पण ती काय मोजायची? ती मशीनसाठी आहे, माणसासाठी नाही."

"मशीनमधून बाहेर येताना ती आतच राहते का?"

"आत कशी राहील? पिठाबरोबर येते."

"मग पुडक्यात जाते."

"जाते की."

"आणि पुडक्यातून?"

भुकटीकाका हसले. "तुम्ही म्हणजे ना, लेबलबाई, पोटात जाईपर्यंत पाठलाग करणार."

चूक कुठे झाली ते तिला तिथल्या तिथे कळलं, आणि कळल्यावर राग आला तो स्वतःचा. लेबल लिहायचं तर ती कोठीत जायची, फळीफळीनं फिरून पोती आणि बरण्या बघायची आणि जे कोठीत आहे ते लिहायची. ही भुकटी कोठीत नव्हतीच. कधीतरी जुन्या मशीनचा घसा वारंवार धरायचा तेव्हा ती आणली गेली, म्हणून तिचा डबा ठेवला गेला तेलाच्या कपाटात, पट्टे आणि पान्यांशेजारी; आणि मशीन बदललं तरी डब्याची जागा बदलली नाही. जे वंगणाच्या शेजारी नांदतं त्याला अन्न कोण म्हणेल? ती जाऊन डबा घेऊन आली. झाकण उघडल्यावर वास नाही, चव नाही. चिमटीत धरली तर धुरासारखी हलकी. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सिलिका.

"हे काय असतं?" मालकांनी विचारलं.

"वाळूत असतं ते. धुऊन, शुद्ध करून, अगदी बारीक केलेलं. खायला चालतं, अपाय काही नाही. इतकंसं तर नाहीच."

"झालं तर मग."

"झालं नाही. लिहायला हवं."

"काय लिहायला हवं? वाळू?" मालक खुर्चीतून उठलेच. "म्हाताऱ्या माणसांना आम्ही सकाळी सकाळी वाळू खायला घालतो, असं लिहू पुडक्यावर? आणि पंजाचं काय? सहावं बोट कुठून आणू मी?"

"दुसरा हात आहे की माणसाला," ती म्हणाली.

चित्रकार फिस्सकन हसली आणि मालकांनी बघितल्यावर खोकली. पण तिनं पेन्सिल उचलली होती. पंजाच्या शेजारी, जरा अंतरावर, नुसता एक मिटू पाहणारा अंगठा. आणि तो काढल्याबरोबर ते चित्र कुठल्याशा मोजणाऱ्या माणसाचं झालं, इतका वेळ ते थांबा म्हणणाऱ्याचं दिसत होतं. सगळ्यांनाच ते जाणवलं. मालकांनाही. ते मूळचे वाईट नव्हते; वडिलांचं वाचन चालू ठेवणारा माणूस वाईट कसा असेल? फक्त त्यांना हरल्यासारखं वाटायला नको होतं, आणि म्हणून जाता जाता ते म्हणाले, "लिहा. लिहा बाई. पण एक सांगा, घरी तुम्ही ताटात पडणारा कण न् कण सांगूनच वाढता वाटतं?"

"हो," ती म्हणाली.

इतकं सरळ, इतकं लगेच की भुकटीकाकांनी कौतुकानं मान डोलावली. मशीन सुरू झालं. आणि त्या घरघरीत उभी असताना तिला कळलं की आपल्या डाव्या हाताचा अंगठाही तळव्यावर टेकलेला आहे.

दुपारभर तिनं लेबल लिहिलं. हे काम तिला येत होतं आणि येतं हे तिला माहीत होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. शब्द असा हवा की दुकानात चष्मा विसरून आलेल्या माणसालाही उमगावा आणि घरी जाऊन चष्मा लावल्यावरही तो तसाच राहावा. तिनं लिहिलं, ‘पीठ मोकळं राहावं म्हणून सिलिका, वाळूत असते ती, शुद्ध केलेली, अगदी थोडी.’ मग ‘अगदी’ खोडलं. ‘अगदी’ म्हणजे गयावया. थोडी म्हणजे थोडी. मालकांनी निरोप पाठवला की वाळू हा शब्द जरा लहान अक्षरांत घ्या. तिनं उलट निरोप पाठवला की सगळे शब्द एका मापाचे असतील. मालकांचा पुन्हा निरोप आला नाही. एरवी अशा विजयानंतर ती स्वतःला एक कप चहा बक्षीस द्यायची. आज चहा समोर येऊन निवला, त्यावर साय धरली, आणि ती त्या सायीकडे बघत राहिली. हो, म्हणाले मी. कुणी विचारलं तर आपण अडखळू असं गेले काही महिने वाटत होतं. अडखळलोसुद्धा नाही.

एक केळं होतं. ती लहान, धाकटी बहीण तर अजून रांगणारी. घरात जंतांचं औषध आणलेलं, कडूजहर गोळ्या, आणि आईनं सोललेलं केळं तिच्या हातात दिलं. आईचे हात तेव्हा कायम ओले असायचे, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या. "काय आहे गं यात?" असं तिनं का विचारलं कुणास ठाऊक; केळ्यात काय असणार? "काही नाही, नुसतं केळं," आई म्हणाली. आणि दुसऱ्या घासाला दाताखाली कचकन काहीतरी फुटलं आणि जिभेवर ते कडू पसरलं, मऊ गोडाच्या मधोमध. औषध पोटात गेलं, जंत मेले असतील, आईचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती प्रत्येक केळं आधी बोटांनी उभं चिरून बघायची, भाकरीचा पापुद्रा उचलून बघायची, लाडू फोडून. वडील हसायचे, "हिला मोठेपणी तपासनीस करा." आई हसायची नाही. आई तिच्या त्या चिरणाऱ्या बोटांकडे बघायची आणि दुसरीकडे वळायची. त्या केळ्यानं मला नोकरी लावली, असं ती पुढे मैत्रिणींना गमतीनं सांगायची. आईचं ते दुसरीकडे वळणं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यातलं तिला काही कळलंच नव्हतं. ते या वर्षी कळू लागलं होतं, रोज सकाळी, थोडं थोडं.

वडील गेल्यावर आईनं गोळ्या घेणं सोडलं. रक्तदाबाची एक साधी पांढरी गोळी. "त्यांनी डबे भरभरून खाल्ल्या. गेले ते गेलेच," एवढंच तिचं म्हणणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चुकवून चालणार नाही, एखाद दिवशी महागात पडेल. त्यांच्यापुढे आई गोडपणे हो म्हणाली आणि घरी येऊन गोळी उशीखाली सरकवली. मग धाकटीचा फोन. धाकटी लांब राहते, फोनवर तिला सगळं सोपं दिसतं. "अगं कूट आणि घाल पेजेत! विचारतेस काय तिला? आपल्याला विचारलं होतं तिनं? एवढी खरी बोलणारी लागून गेलीस ती, आईला काही झालं तर लेबल चिकटव मग." फोन ठेवल्यावरही ते शब्द कानात राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं खलबत्ता काढला.

अडचण फक्त तिच्या नेमाची होती. सकाळी उठल्यापासून देवापुढे बसून नाम पुरं होईपर्यंत ती बोलत नसे, आणि त्या मौनातून बाहेर येताना जे पहिलं वाक्य तोंडातून निघेल ते खरं असावं, असा नेम तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतला होता. कुणी सांगितलेला नव्हता, कुणाला माहीतही नव्हता. दिवसभरात माणूस शंभर गोष्टी बोलतं, सगळ्यांची हमी कोण देणार? पण पहिलं वाक्य देवाच्या उंबऱ्यावरचं असतं. पूर्वी ते सहजच आईशी बोललेलं असायचं, "उठलीस का", "गार पडलंय आज", "घे, पेज घे". गोळी कुटायला लागल्यापासून तिनं युक्ती केली होती. आसनावरून उठली की आधी खिडकीशी जायची आणि काचेला म्हणायची, "उजाडलं." ते खरंच असायचं. मग वाटी घेऊन आईकडे. "काय घातलंयस आज?" आई विचारायची, सहजच, तोंडाला पाणी सुटावं म्हणून. "काही नाही, नुसती पेज," ती म्हणायची. नेम मोडला नव्हता. नेमाला फक्त खिडकीत उभं केलं होतं.

संध्याकाळी घरी पोहोचली तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि वर आणखी वडिलांचं जुनं भिंग. खिडकीतून उरलेला उजेड शेवटच्या टोकाशी आला होता आणि आई त्या उजेडाबरोबर खुर्ची सरकवत सरकवत भिंतीपर्यंत आली होती. बोटं दाण्यांवरून हिंडत होती. एक दाणा उचलायचा, भिंगाखाली धरायचा, पुन्हा ठेवायचा.

"हे काय काढलंयस? निवडलेले तांदूळ आहेत ते. पुडक्यातले."

"निवडलेले!" आई म्हणाली. "तुझी पेज रोज तळाशी खरखरते. बोलले नाही मी, म्हटलं दमून येते पोर. म्हणून मीच निवडायला घेतले. रोज घेते दुपारचे, तू गेलीस की."

"रोज?"

"एक खडा सापडत नाही बघ. एक नाही. आणि सकाळी पाहावं तर दाताखाली आहेच." आईनं भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, डोळे पदरानं पुसले, रडत नव्हती, नुसते पुसले, जसं काच पुसावी. "डोळे गेले गं माझे. इतके दिवस वाटायचं, बाकी काही राहो न राहो, डोळे आहेत. तेही गेले."

सुपातले तांदूळ तिला स्वच्छ दिसत होते, एकेक दाणा धुतल्यासारखा. गेले कित्येक दिवस ही बाई नसलेला खडा शोधत होती, आणि सापडला नाही की दोष तांदळाला दिला नाही, पोरीला दिला नाही, स्वतःच्या डोळ्यांना दिला. आपण आईच्या पेजेत एक गोळी घालतो आणि तिच्यातून काय काढून घेतो, हे कुठल्या पुडक्यावर लिहिलेलं असतं? आत्ता सांगावं का, असं वाटून ओठ उघडले होते. पण आईनं सूप तिच्या हातात दिलं, "जा, ठेव. आणि चहा टाक, तुझा चेहरा बघ कसा झालाय. मालक ओरडला का?"

"ओरडला. मी ऐकलं नाही."

"शाबास. कशावरून?"

तिनं सांगितलं, पंजा, अंगठा, वाळू. आई पोटभर हसली. "वाळू!" ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "आणि लिहिलंस? तसंच लिहिलंस? बाई गं. तू लहानपणापासूनच तशी." आणि मग, हसू अजून ओठांवर असतानाच, ती दुसरीकडे वळली. तीच मान, तेच वळणं. लेक ओट्याशी उभी होती, चहाचं आधण उकळत होतं, आणि इतक्या वर्षांनी तिला उमगलं की लहान मुलीच्या चिरणाऱ्या बोटांकडे न बघणारी ती बाई रागावलेली नव्हती. तिच्या हातचं केळं परत कधी नुसतं केळं होऊ शकलं नव्हतं, त्याला ती काय करणार?

सांगितलं आणि आईनं गोळी थुंकली तर? कायमची थुंकली, आणि एखाद दिवशी न्हाणीघराच्या दाराशी कोसळली तर? धाकटी म्हणेल, चिकटव आता लेबल. हा विचार तिनं निजताना केला, उठतानाही केला. भीती होती. पण भीतीच्या खाली काहीतरी टणक होतं आणि त्यावर पाय टेकत होता. ज्या पायावर ती काल मालकांसमोर उभी राहिली तोच.

सकाळी नाम पुरं झालं. ती आसनावरून उठली, आणि खिडकीकडे गेली नाही. बाहेर उजाडलंच असणार. उजाडायला तिच्या साक्षीची गरज नव्हती. पेज तयार होती, खलबत्ता तयार होता, आणि हात सवयीनं चालले. कुटलेली गोळी वाटीत पडून ढवळलीही गेली. हात आपला चालतो बाई. ती वाटी तशीच घेऊन आत गेली. आई उशीला टेकून बसली होती, केस सुटे, चष्मा हातात, घालावा की घालू नये अशा विचारात.

"काय घातलंयस आज?"

"आई, खडा नाही तो. तुझी गोळी आहे. मीच कुटून घालते, रोज."

हे दिवसाचं पहिलं वाक्य होतं. म्हटल्यावर खोलीत काही कोसळलं नाही. आईनं वाटीकडे पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या, आणि वाटीकडे पुन्हा पाहिलं.

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली.

"चांगले आहेत."

"एवढ्या दुपारी वाया घालवल्यास माझ्या." आवाज चढला नव्हता, त्याहून वाईट, तो अगदी सपाट होता. "मी तिथे सूर्याबरोबर खुर्ची ओढत फिरतेय. तुला दिसत नव्हतं?"

"मी घरी नसायचे. कालच दिसलं."

"कुणाची अक्कल ही? धाकटीची ना? ती पाळण्यात असल्यापासून दुसऱ्याकडून करून घेते." आईनं वाटी हातानं लांब सारली. "ही घेऊन जा. दुसरी आण. नुसती."

ती नुसती पेज घेऊन आली, आणि बशीत एक अख्खी गोळी. विचारलं नाही, आणली. आईनं गोळीकडे दुर्लक्ष केलं, बराच वेळ केलं, आणि मग म्हणाली, "खोकं कुठंय हिचं? वाच. काल मालकापुढे वाचलंस तसं. उभी राहून."

तिनं खोकं आणलं आणि उभी राहून वाचू लागली. औषधाचं नाव पहिलं. आईच्या उजव्या हाताचा अंगठा मिटला. दुधातली साखर. तर्जनी. मक्याचं पीठ. खळ. गुळगुळीतपणासाठीचं काहीसं, ज्याचं नाव वाचताना तिचीही जीभ वळेना. मूठ भरली, आणि आईनं न थांबता डावा हात उघडला. सिलिका.

"म्हणजे तुझी वाळूच!"

"तीच."

"बघ की. एवढ्याशा गोळीत आख्खी कोठी." आईनं गोळी चिमटीत धरली, उजेडाकडे केली, भिंगाशिवाय पाहिली. "केळ्यातली हिच्याहून मोठी होती," ती म्हणाली. मुलीकडे न बघता म्हणाली, पण मान वळवली नाही. "तू कचकन चावलीस. मला तिकडे स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं."

बोलण्यासारखं होतं ते तिच्या हातात खोकं होऊन बसलं होतं.

"आज घेते," आई म्हणाली. "उद्याचं उद्या. रोज वाचायचं आणि रोज विचारायचं. पाठ झालं तरी वाचायचं. आणि मी नाही म्हटलं तर नाही."

"नाही म्हटलंस तर नाही. पण भांडेन मी."

"भांड की. तोंडावर भांड."

आईनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, आणि तिचा चेहरा अस्सा वाकडा झाला की लेक इतक्या वर्षांनी त्या केळ्यावर हसली. आईनं हातानंच तिला गप्प केलं आणि वाटी पुढे ओढली. चमचा पेजेत बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. आणि शेवटी तळाशी गेला. दोघींनी कान दिला. चमचा वाटीच्या तळावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरला, आणि काही खरखरलं नाही.